‘एकदा होऊन जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना धुळ्याहून

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. पोरगा शिरपूरला इंजिनिअरिंगला, एरवी त्याला मामा आठवतो तो फक्त खिसा रिकामा झाला की. या वेळी त्याने लांबलचक मजकूर पुढे ढकलला होता, ‘शहरांत दंगली का होतात? सहा कडवी सत्यं’. खाली त्याची स्वतःची एकच ओळ : ‘मामा, पटस ना?’

नाही रे पटत. हाच मजकूर आठवड्यात तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. आधी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, मग व्याह्यांकडून. दोन्ही वेळा गप्प बसलो, कारण व्याह्यांशी वाद घालायची आमच्यात रीत नाही. भाच्याशी आहे.

मजकूर असा : दंगल क्षुल्लक कारणावरून आपोआप पेटते, ती कोणी घडवत नाही. दंगेखोर नेहमी बाहेरून आलेले असतात. पोलिसांचे हात बांधलेले असतात. चौथं सत्य, एकदा काय ते होऊन जाऊ द्यावं, मग वीस वर्षं शहर शांत राहतं. पाचवं, दंगलीनंतर मतदार ‘जागा’ होतो आणि निकाल एकतर्फी लागतो. सहावं म्हणजे हे दहा जणांना पाठवा.

क्रमाने जात नाही. चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण डोकं तिथेच फिरलं.

वीस वर्षं! धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये हिंदू-मुस्लिम दंगल झाली. माणसं मेली, दुकानं जळाली, संचारबंदी लागली. तू तेव्हा अंगणवाडीत होतास. या मजकुराच्या हिशेबाने २०२८ पर्यंत आम्ही निवांत झोपायला हवं होतं. पुढची दंगल ६ जानेवारी २०१३ ला झाली. म्हणजे वीस वर्षांची शांतता सव्वाचार वर्षांत आटोपली. 

भिवंडी बघ. मे १९७० मध्ये तिथे मोठी दंगल झाली. ‘होऊन गेलं’ म्हणायला त्याहून जास्त काय हवं? तरी १९८४ मध्ये पुन्हा भिवंडी पेटली. आणि १९९२-९३ मध्ये, शेजारी मुंबई जळत असताना, तीच भिवंडी शांत राहिली. मधे काय घडलं? १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस गल्लीगल्लीत एकत्र बसायचे, नळाची, रस्त्याची, शेजाऱ्याची भांडणं तिथेच मिटवायचे. अफवा आली की खरं-खोटं विचारायला ओळखीचा माणूस असायचा. भिवंडीत जे कमावलं ते या बैठकांनी. दोन दंगलींनी कमावलं नव्हतं.

दंगल उलट काय करते ते मी दुकानात बसून पाहिलंय. माझ्याकडे मोटार रिवाइंडिंगचा एक कारागीर होता. २००८ नंतर त्याने गल्लीतलं घर मिळेल त्या भावात विकलं आणि ‘आपल्या लोकांत’ राहायला गेला. दोन वर्षांनी त्याच्या नव्या मोहल्ल्यातलं एक हिंदू कुटुंब आमच्याकडे आलं, त्याच कारणाने. आता आमच्या गल्लीत सगळे एका जातकुळीचे, त्यांच्या गल्लीत सगळे दुसऱ्या. मग एखाद्या रात्री ‘तिकडे जमाव जमलाय’ असं कोणी म्हणालं, तर फोन लावायचा कोणाला? याला तुझा मजकूर शांतता म्हणतो.

आता पहिलं. इथे अर्धं खरं आहे, कबूल करावं लागतं. धुळ्यातलं २०१३ चं भांडण मच्छी बाजारातल्या एका हॉटेलात जेवणाच्या बिलावरून सुरू झालं, रक्कम सांगितली तर हसू येईल. पण बिलावरून भांडणं खान्देशात कुठे होत नाहीत? शेवभाजीच्या प्रत्येक हॉटेलात रोज होतात. तेवढ्यावर शहर पेटत असतं तर जळगाव-धुळे कधीच उरलं नसतं. काडी लहान असते, गवत कोणी तरी आधी वाळवलेलं असतं. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नकोस. १९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. भिवंडी पेटली ७ मेला, जळगाव दुसऱ्याच दिवशी. जळगावात ४३ माणसं मेली, त्यातली ४२ मुसलमान. मादन यांनी त्या एका दिवसावर बोट ठेवून अहवाल संपवला नाही. आधीची वर्षं, मिरवणुका, भाषणं, संघटना असं सगळं तपासलं, जळगावातल्या एका तरुण मंडळाची भूमिका नोंदवली आणि पोलिसांवरही ताशेरे ओढले. ‘आपोआप’ हा शब्द वापरण्याआधी तो अहवाल चाळ. जाडजूड आहे, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांइतकाच.

आणि आपोआपच पेटायचं तर सगळीकडे सारखं पेटायला हवं. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद केली. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांत झाले, आणि खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. स्वभाव पेटणाऱ्या शहरांतल्या आणि शांत गावांतल्या माणसांचा एकच असतो ना?

‘बाहेरचे’. बाहेरच्याला कसं कळतं रे, की ओळीतलं तिसरं दुकान कोणाचं, पाटीवर नुसतं ‘टेलर्स’ लिहिलेलं असताना? ते सांगायला घरचाच लागतो. आणि बाहेरच्यांच्या भीतीने काय होतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. तिथे ना मंदिराचा प्रश्न होता ना मशिदीचा. असेच पुढे ढकललेले मेसेज तेवढे होते.

पोलिसांच्या बांधलेल्या हातांबद्दल एवढंच : २०१३ ला धुळ्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, सहा जण मेले, सहाही मुसलमान. मोडतोड करणारे पोलीस चित्रफितींत दिसले आणि त्यांच्यातल्या काहींना अटकही झाली. हात मोकळेच होते.

पाचव्या मुद्द्यात चतुर माणसाने अर्धं सत्य मिसळलंय. लढत अटीतटीची असेल तिथे दंगलीचा धोका वाढतो, हे विल्किन्सनच्या अभ्यासातही आहे. पण निकाल एकतर्फी? धुळे शहरात २००९ ला अनिल गोटे लोकसंग्रामकडून आमदार झाले, २०१४ ला तेच भाजपकडून, २०१९ ला एमआयएमचे फारुक शाह, २०२४ ला पुन्हा भाजप. बसव याच्यावर एक सूत्र. दंगलीनंतर एवढं मात्र होतं की रस्ता, पाणी, पांझरा नदीची घाण यावर मत मागायला कोणी येत नाही, मोहल्ल्यानुसार डोकी मोजली जातात.

सहावं. भाच्याने तो मजकूर तीन ग्रुपवर टाकला होता. काल रात्री फोनवर तासभर वाद घालून झाल्यावर दोन ठिकाणांहून त्याने तो काढला. तिसरा ग्रुप त्याच्या कॉलेजच्या पोरांचा. तिथे त्याने आठवड्यापूर्वीच टाकला होता. ‘आता डिलीट होत नाही मामा, वेळ गेली,’ म्हणाला.