ना धड जीप, ना धड मोटार

असं म्हणून ज्या छोट्या क्रॉसओव्हर गाड्यांना (दिसायला जीपसारख्या उंच, आतून मोटारच) जाणकारांनी नाकं मुरडली, त्यांची बाजू आज घ्यायचीय.

या गाड्या येईपर्यंत फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद) म्हणजे बहुतेकदा ट्रकसारखी चासी, म्हणजे खालचा वेगळा लोखंडी सांगाडा, आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास. १९८८ ची सुझुकी विटारा आकाराने लहान, पण खाली चासी जुन्याच वळणाची. (लाडा निवाला १९७७ मध्येच मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी होती, हे आमच्यातला एकजण दर वेळी ऐकवतो. मान्य. पण ती मोटारीसारखी चालायची असं तोसुद्धा म्हणत नाही.) मग १९९४ मध्ये टोयोटाची रॅव्ह-फोर आली. मोटारींचेच भाग जोडून केलेली, तीन दारांची, जेमतेम ३.७ मीटर लांब. दिसायला गोड, मागे बसणाऱ्याचे मात्र हाल.

माझं मत १९९५ च्या होंडा सीआर-व्हीला. पाया सिव्हिकचा, काचा मोठ्या, स्टेपनी मागच्या दारावर. आणि तिची फोर-व्हील यंत्रणा! दोन हायड्रॉलिक पंप. एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरणारा, दुसरा मागच्या. वेग सारखा तोवर सगळं शांत. पुढची चाकं चिखलात घसरली की वेगात फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, क्लच आवळला जातो आणि मागची चाकं कामाला लागतात. थोडा उशीर व्हायचाच. पुढची चाकं आधी भिरभिरणार, मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटणार. लो-रेंज (अवघड चढांसाठी जास्त जोर देणारा हळू गिअर) नव्हताच, त्यामुळे खडक चढणारे हसले. हसू देत. घेणाऱ्यांपैकी खडक चढायचा होता कुणाला? त्यांना हवी होती उंच सीट आणि ओल्या मैदानातून सुखरूप बाहेर पडणं.

१९९७ च्या सुबारू फॉरेस्टरवर कधीतरी वेगळं लिहीन, तिचे भक्त फार हळवे असतात.

आजची रॅव्ह-फोर ४.६ मीटरची. अपघातातल्या सुरक्षेसाठी गाड्या वाढल्या, हे अर्धं पटतं. पण फटीएवढ्या खिडक्या कुणी मागितल्या होत्या? आणि नुसती पुढची चाकं फिरणाऱ्या गाडीला काळं प्लास्टिक डकवून रांगडेपणाचा आव कशाला?

सीआर-व्हीच्या डिकीतली फळी उचलून पाय उघडले की पिकनिकचं टेबल व्हायचं. मित्राने त्याची गाडी विकली, टेबल ठेवून घेतलं. नवा मालक अजून फोन करतोय.