‘एकदम बारीक’ म्हणजे किती बारीक, ते सांगा की!

चार महिने झाले, मला एक चाळण मिळत नाहीये. सोन्याची नको, चांदीची नको, चार बोटं रुंद असली तरी चालेल. फक्त तिचं भोक केवढं आहे ते मला विकत घेण्याआधी कळलं पाहिजे. एवढंच मागणं. आणि एवढ्यासाठी मी म्हापसा, फोंडा, मडगाव पालथं घातलं.

मी घरी तपकीर करतो. ‘सोडून द्या हो’ असं सांगायला कुणी येऊ नका. धूर नसला तरी तंबाखू ती तंबाखूच, कॅन्सर व्हायचा तो तिच्यानेही होतो. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, बायको रोज सांगते. आज विषय चाळणीचा आहे. घरी का करतो, तर विकतच्या डबीत हल्ली तंबाखू कमी आणि सेंट जास्त. चिमूट ओढली की अगरबत्तीच्या दुकानात नाक अडकल्यासारखं वाटतं.

करायला तसं काही अवघड नाही. निपाणीकडून पान येतं. शिरा काढायच्या, पान तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करायचं, गार झालं की मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायचं. भांडं वेगळं ठेवायचं, चटणीचं घेतलं तर काय होतं ते माझ्या घरी विचारा. फार वेळ सलग फिरवलं की भांडं तापतं आणि वास उडतो, म्हणून थांबत थांबत. इथपर्यंत सगळं माझ्या हातात असतं. मग येते चाळण, आणि चाळण दुसऱ्याच्या हातात असते.

लोकांना वाटतं, बारीक म्हणजे चांगली, अजून बारीक म्हणजे अजून चांगली. तसं नसतं हो. जाड राहिली तर नाकात वाळू गेल्यासारखी टोचते आणि अर्धी मिशीवर सांडते. अगदी पिठूळ झाली तर नाकात थांबतच नाही. श्वासाबरोबर सरळ घशात, मग ठसका, डोळ्यांत पाणी आणि दिवसभर कडू थुंकी. ती नाकाच्या पुढच्या भागातच बसायला हवी. ओलसर ठेवायची असेल तर थोडी जाड चालते, भाजून कोरडी करायची तर बारीक लागते. म्हणजे खरं तर दोन चाळण्या हव्यात. इथे एकीचे वांधे!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात मालकाने विचारलं, “किदें चाळपाचें?” मी खरं सांगितलं. तो हसला आणि मैद्याची चाळण पुढे केली. “ही व्हर. एकदम बारीक.” किती बारीक? “एकदम.” बरं, हिचा नंबर काय? “खंयचो नंबर? मोबायलाचो?” शेवटी त्याने माझाच मोबाइल नंबर लिहून घेतला, नवीन माल आला की कळवतो म्हणाला. पुढच्या दुकानात रव्याची, मैद्याची आणि पिठाची अशा तीन चाळण्या तीन नावांनी मांडलेल्या. उजेडाकडे धरून पाहिल्या तर तिन्हींची जाळी एकच, फक्त कडा वेगळ्या रंगाच्या. मी बोलून दाखवलं तर बाई म्हणाल्या, “रंग वेगळो आसा न्हय?” आसा, बाये, आसा.

हार्डवेअरवाल्याने डासांची जाळी दाखवली. तिच्यातून पान न वाटताच खाली पडलं असतं. एक ओळखीचा इंजिनिअर म्हणाला, आमच्या लॅबमधली घे, आयएस ४६० ची, म्हणजे चाळण्यांच्या भारतीय मानकाची, भोक कसं अगदी मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, छापलेलं असतं. गेलो धावत. ती ९० मायक्रॉनची निघाली, सिमेंटचा बारीकपणा तपासायची. कडेला राखाडी थर तसाच. तपकीर ओढून नाकात स्लॅब टाकायचा बेत माझा अजून झालेला नाही. पण बघा, सिमेंटच्या चाळणीवर आकडा छापता येतो. नाकात जाणाऱ्या वस्तूच्या चाळणीवर ‘बेस्ट क्वालिटी’ छापतात.

मग ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव घेत नाही, पण लिहिलं होतं ‘८० मेश, फूड ग्रेड, एसएस ३०४’, म्हणजे स्टेनलेस स्टीलची. आकडा बघून मला भरून आलं. चला, कुणीतरी शहाणं आहे! खोका उघडला आणि हाताला लागताच शंका आली. शाळेची पट्टी जाळीवर ठेवली, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून फोटो काढला आणि सुईच्या टोकाने एकेक तार मोजली. १ सेंटिमीटरात १७. पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून. १७. उभ्या १७ आणि आडव्या त्याहूनही एक कमी. मेश म्हणजे १ इंचात किती भोकं, आणि इंच २.५४ सेंटिमीटरचा, म्हणजे ही झाली जेमतेम ४३ मेशची. ८० ची असती तर सेंटिमीटरात ३१ तारा हव्यात. निम्म्याला निम्मी खोटी! दूधवाला पाणी घालतो, तोही असं निम्म्याला निम्मं घालत नाही.

फोटो, पट्टीसकट, पाठवला. उत्तर आलं, वस्तू वापरलेली दिसते, परत घेता येणार नाही. अहो, वापरली म्हणून तर कळलं!

बरं, नुसता मेशचा आकडा खरा असला तरी तो पुरत नाही, हे मला तेव्हा कळलं. ८० मेशमध्ये एक तार आणि एक भोक मिळून ०.३२ मिलिमीटर. त्यात तार किती खाते त्यावर भोक ठरतं. लॅबच्या ८० नंबरच्या चाळणीत भोक १८० मायक्रॉनचं असतं. तीच जाळी पातळ तारेची असेल तर भोक मोठं, जाड तारेची तर लहान. म्हणजे दोन दुकानांच्या दोन ‘८० मेश’ दोन वेगळ्या तपकिरी देणार. भोक मायक्रॉनमध्ये लिहा, विषय संपला. पण नाही, लिहिणार काय, तर ‘एक्स्ट्रा फाइन’.

आणि ती ८० नव्हे ४३ वाली काय करून गेली ऐका. कडेला जाळी पत्र्यात दाबून बसवतात ना, तिथे तारांची टोकं सुटली. मला दिसलीच नाहीत. आठवडाभराने चिमूट घेतली आणि नाकात असं काही टोचलं की मी खुर्चीतून उठलो. रुमालावर रक्ताचा ठिपका, आणि त्या ठिपक्यात केसासारखा बारीक, चकचकीत तारेचा तुकडा, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. फूड ग्रेड म्हणे!

डिचोलीच्या घरी आमचे आजोबा हे सगळं एका तांब्यावर उरकायचे. जुन्या धोतराचा तुकडा, धुऊन धुऊन साय झालेला, तांब्याच्या तोंडाला सैलसर बांधायचा, वर भुकटी घालायची आणि बोटाने टक टक टक. झालं की अंगठ्याच्या नखावर चिमूट घासून बघायचे आणि हलकेच फुंकर मारायचे. उडून गेली ती बरोबर, नखावर दाणे राहिले तर पुन्हा पाट्यावर. मायक्रॉन हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नाही. मीही ते करून पाहिलं. पण माझ्याकडे धोतर नाही, आणि बाजारातलं सुती म्हणून मिळालेलं कापड तिसऱ्या खेपेला ताणून चाळण्याच्या लायकीचं उरत नाही. वर त्याचे तंतू तपकिरीत उतरतात.

राग याचा येतो की हे गोव्यात होतंय. तंबाखू आपल्याकडे आणली ती याच पोर्तुगीजांनी. ब्राझीलच्या बाइयाची तंबाखू जहाजाने गोव्याला यायची आणि तिचा मक्ता सरकारच्या तिजोरीत पैसा ओतायचा. ज्याच्या नावावरून निकोटिन झालं तो ज्याँ निको पोर्तुगीजांच्या लिस्बनमध्येच फ्रान्सचा राजदूत होता. तिथून त्याने १५६० च्या सुमारास फ्रान्सच्या राजमातेला डोकेदुखीवर तंबाखू पाठवली, आणि नाकाने ओढायची फॅशन तिथे राजवाड्यात शिरली. साडेचारशे वर्षांचं हे नाकाचं प्रकरण, आणि त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात मी पट्टी घेऊन तारा मोजतोय.

सध्या काम चाललंय ते स्क्रीन प्रिंटिंगच्या कापडावर. पणजीत छपाईवाल्याकडून हातभर तुकडा आणला, बायकोच्या भरतकामाच्या रिंगेत ताणून बसवला. तिथेही डोकं फिरलंच. त्याने सांगितलं ‘एकशेवीस’. इंचात की सेंटिमीटरात? कारण या धंद्यात दोन्ही चालतं. तो म्हणाला, “सगळे एकशेवीसच म्हणतात.” पुन्हा पट्टी, पुन्हा सुई. सेंटिमीटरात ४८ आले, म्हणजे इंचाचे १२० खरे. धागा वजा जाता भोक साधारण १४० मायक्रॉन. कोरड्या तपकिरीला अगदी हवं तसं, आणि टोचायला तार नाही.

पण आता पाऊस लागलाय. भाजलेलं पान डब्याबाहेर पाच मिनिटं राहिलं तर मऊ पडतं, आणि दमट भुकटी त्या बारीक भोकांत अशी बसते की कापड आणि भुकटी मिळून एक पापड होतो. मीठ आधी घालून पाहिलं ती तर शुद्ध गाढवचूक होती, मिठाने हवेतलं पाणी आणखी ओढलं. आता मीठ पाण्यात विरघळवून चाळल्यानंतर शिंपडतो. पुन्हा तवा, पुन्हा भाजणं, खिडक्या बंद, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि मी रिंगेवर टक टक टक करत बसलेला. अर्ध्या तासात दोन चमचे उतरले.

तेवढ्यात फोन वाजला. म्हापशाचा दुकानदार.

“पात्रांव, नवी चाळण आयल्या. एकदम बारीक.”