रामेन खायचं तर आधी रस्सा बघा

परवा इथे सोलापुरात एका नव्या कॅफेत रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्स, मागवलं. २८० रुपये. आलं काय, तर पाकिटातल्या नूडल्स, त्याच पाकिटातला मसाला, वर शेजवान सॉस आणि अर्धं उकडलेलं अंडं. शेजारच्या टेबलावर कॉलेजची दोन पोरं आयुष्यातलं पहिलं रामेन म्हणून तेच खात होती. मला मनापासून वाईट वाटलं.

पाकिटातल्या नूडल्सना मी नावं ठेवत नाही. १९५८ साली जपानमध्येच मोमोफुकू आंदो यांनी त्या बाजारात आणल्या. पण रामेन म्हणजे मुळात रस्सा, आणि रस्सा सोलापूरकराला शिकवावा लागत नाही. पाया प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटले नाहीत तर आपण लगेच म्हणतो, पाणी घातलंय. टोंकोत्सु रामेनचंही तेच. डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळतात, हाडांतला चिकटपणा आणि चरबी एकजीव होते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. डुक्कर चालत नसेल तर चिकनच्या हाडांचा रस्सा शोधा. रामेनचे बाकीचे प्रकार चवीवरून: शोयू म्हणजे सोया सॉसचा रस्सा, शिओ मिठाचा, मिसो आंबवलेल्या सोयाबीनचा. नूडल्स पिवळसर आणि चिवट असतात, कारण पीठ क्षाराच्या पाण्यात मळतात. आपल्या पापडाला पापडखार लागतो ना, तसंच.

मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी एक संध्याकाळ वांद्र्याच्या इझुमी या जपानी रेस्टॉरंटसाठी ठेवावी. खिशाला जड आहे, पण एकदा तरी खरी चव कळायला हवी. माझ्या वाडग्यात तेलाचे बारीक थेंब तरंगत होते, सोयात मुरवलेलं अंडं होतं, बलक अजून मधासारखा. मी आधी नुसता रस्सा प्यायलो आणि दोन मिनिटं कुणाशी बोललोच नाही. तुम्हीही फोटो काढत बसू नका, नूडल्स रश्शात फुगून मऊ पडतात. भुरके मारत खा. जपानमध्ये तसंच खातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथल्या त्या कॅफेत मी पुन्हा जाणार आहे. चालवणारी पोरं कष्टाळू आहेत, ऐकतील. त्यांना सांगणार आहे: चिकनची हाडं आणा, आलं, लसूण आणि पातीचा कांदा घाला, चार तास मंद आचेवर ठेवा, वर येणारा फेस काढत राहा. नूडल्स सध्या पाकिटातल्याच राहू देत. मसाल्याची पुडी तेवढी फोडू नका.