उजनीत पिंजरे टाकू इच्छिणाऱ्यांस सप्रेम सल्ला

गेल्या मंगळवारी, पाचव्या दिवशी, रात्री दोन वाजता आमच्या नळाला उजनी धरणाचे पाणी आले. सकाळी हौदाचे झाकण काढून पाहतो, तर पाण्याला हिरवट झाक आणि शेवाळलेल्या मातीचा वास. तुरटी फिरवली, वास हलला नाही. उकळले, तेव्हा तो स्वयंपाकघरभर पसरला. चौकशी केल्यावर 'उन्हाळ्यात असे होतेच' एवढे ज्ञान मिळाले. धरणात आणखी पुष्कळ काही मावेल, अशी तेव्हापासून माझी खात्री पटली आहे. म्हणून यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, पिंजरा पद्धतीने (पाण्यात जाळ्याचे पिंजरे बांधून) मत्स्यपालन करू इच्छिणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पिंजरा काठालगत, उथळ आणि संथ पाण्यात बांधावा. नावेचे डिझेल वाचते आणि माशांची विष्ठा वाहून वाया न जाता जाळ्याखालीच थरावर थर साचते.

खाद्य सढळ हाताने टाकावे. सहा बाय चार मीटरच्या, चार मीटर खोल पिंजऱ्यातून तीन टन पंगेशियस मासा काढायचा, तर साडेचार टनांच्या आसपास खाद्य लागते. त्यातल्या नत्राचा आणि स्फुरदाचा मोठा वाटा माशाच्या अंगी न लागता पाण्यातच राहतो. शेतकरी जे खत पैसे मोजून आणतो, ते आपण शेवाळाला फुकट घालतो. केवढे हे पुण्य!

पाणी तपासण्याच्या फंदात पडू नये. पहाटे मासे वर येऊन तोंडे वासू लागले, की प्राणवायू संपल्याचे आपोआप कळते.

धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर आले, तरी पिंजरे कमी करू नयेत.

कोणी हटकलेच, तर पुण्याकडे बोट दाखवावे. हे उत्तर हुकमी आहे, कारण ते खरेही आहे: पुणे-पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी वर्षानुवर्षे मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आपल्या उजनीत येते. पण शेजाऱ्याने विहिरीत घाण टाकली म्हणून आपणही उठून टाकायची, हा कुठला न्याय? पिंजऱ्याखालचा गाळ कुजताना तळाचा प्राणवायू खातो, आणि तो संपला की गाळाने धरून ठेवलेला स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे यंदाचे उरलेले खाद्य पुढच्या उन्हाळ्यातही शेवाळाला जेवू घालते. पुण्याने उद्या एक थेंब मैला सोडला नाही, तरी ही उधारी आपल्याच नावावर राहणार आहे. धरणाच्या एकूण साठ्याचा 117 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आकडा तोंडावर फेकू नका. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे आणि कडक उन्हाळ्यात आम्ही तोच पितो.

पिंजरे नकोतच, असे माझे म्हणणे नाही. मासेमारीवर इथली कितीतरी घरे चालतात. पण खोल, वाहत्या पाण्यात बांधा, जागा बदलत राहा, खाद्य मोजून टाका, मेलेले मासे पाण्यात ढकलण्याऐवजी काठापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. एवढेही होत नसेल, तर लोकांच्या पिण्याच्या पाण्यात धंदा मांडायची लाज वाटू द्या. तुमच्या घरी जार येतो. ज्याच्या घरी येत नाही, त्याने काय करायचे? आमच्या हौदात मंगळवारचे पाणी अजून आहे. या, आणि एक तांब्या पिऊन दाखवा.