कोपराची काळजी कशी वाहावी

फेब्रुवारीच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या अंगणांतला बर्फ काळवंडून कडेला साचलेला असतो, आणि त्याच सुमारास तिकडे फ्लोरिडातल्या टँपा येथे न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सरावासाठी हजर होतात. आपण या संघाचे निष्ठावान चाहते असाल, तर ही बातमी वाचून आनंदित होण्याची चूक करू नये. पुढचे 162 सामने कसे खेळायचे ते खेळाडू बघून घेतील. पहिल्या सामन्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत आपल्याकडे एकच खाते सोपवलेले आहे, आणि ते म्हणजे स्टार्टिंग पिचिंगची चिंता.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला ही चिंता सुरुवातीला परकी वाटते. आपल्याकडे एका गोलंदाजाचा दिवस वाईट गेला, तर कर्णधार त्याला सीमारेषेवर उभे करतो आणि चहापानानंतर पुन्हा चेंडू हातात देतो. बेसबॉलमध्ये एकदा उतरवलेला पिचर त्या सामन्यात सहसा पुन्हा चेंडू टाकायला येत नाही. त्यामुळे पाच स्टार्टर आळीपाळीने, साधारण पाच दिवसांआड, सामन्याची सुरुवात करतात. याला रोटेशन म्हणतात, आणि त्या पाचांपैकी एकाने जरी कोपर चोळले, तरी आपल्या घरी चूल पेटत नाही.

चिंतेचा अभ्यास शब्दांपासून सुरू करावा. ‘थोडे आखडले आहे’ असे व्यवस्थापक म्हणाला, तर एक महिना धरावा. ‘दाह आहे’ म्हटले, तर दोन महिने धरावेत. ‘आम्हाला मुळीच काळजी वाटत नाही, केवळ खबरदारी म्हणून एमआरआय काढला आहे’ असे सांगण्यात आले, तर त्या वर्षापुरता त्या पिचरला मनातल्या मनात निरोप देऊन टाकावा. एखादा खेळाडू आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत सरावाला आला आहे, अशी बातमी दरवर्षी येते. ती सर्वांत अशुभ समजावी.

2025 चा वसंत या दृष्टीने आदर्श होता. आदल्या वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला लुईस हील याचा पाठीचा स्नायू मार्चच्या आरंभीच दुखावला. आपण त्या दुःखातून सावरत होतो, तोच गेरिट कोलचे कोपर दुखू लागले, आणि 11 मार्चला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. कोलचा करार नऊ वर्षांचा आणि 32 कोटी 40 लाख डॉलरांचा. एमआरआयच्या निकालाची वाट पाहत मी ताटावर नुसता बसून राहिलो होतो. त्या वेळी साताऱ्याहून आलेली माझी आई म्हणाली, “कोण रे हा? तुझ्या ऑफिसातला आहे का?” मी सर्व सांगितले. तिने विचार केला आणि विचारले, “म्हणजे पगार चालूच राहणार ना त्याचा? मग तू का जेवत नाहीस?” तात्पर्य, घरच्यांना या विषयात ओढू नये. त्यांना प्रश्न विचारण्याची वाईट सवय असते.

शस्त्रक्रियेविषयी माहिती मात्र जरूर मिळवावी. कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा हाताच्याच एखाद्या कंडरेचा तुकडा बसवतात, आणि पिचर परतायला वर्ष-दीड वर्ष लागते, एवढे आपल्याला येता-जाता म्हणता आले पाहिजे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली, ती लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्यावर. तो 1976 मध्ये परतला आणि आपल्या 288 विजयांपैकी 164 त्याने त्यानंतर मिळवले. हा शेवटचा तपशील धीर देणारा असल्यामुळे चारचौघांत सांगू नये.

आता एक मोह सांगतो, ज्यापासून आपण स्वतःला जपले पाहिजे. 29 मार्च 2025, शनिवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, त्यामुळे घरात श्रीखंडाचा चक्का टांगलेला, आणि टीव्हीवर मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्धचा सामना. ब्रुअर्सचा पिचर नेस्टर कोर्तेस, म्हणजे डिसेंबरपर्यंत आपल्याच रोटेशनमधला आणि मग आपणच त्यांना देऊन टाकलेला. त्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर गोल्डश्मिट, बेलिंजर आणि जज यांनी तीन होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारले. संघाने त्या दिवशी एकूण नऊ होमरन मारून स्वतःचा विक्रम मोडला आणि सामना 20-9 असा जिंकला. सामान्य माणूस अशा वेळी पेढे वाटतो. आपण मात्र शांतपणे नोंदवून ठेवावे की, 21 कोटी 80 लाख डॉलरांना नव्यानेच आणलेल्या मॅक्स फ्रीडला नऊपैकी पाच इनिंगही पूर्ण करता आल्या नाहीत. पुढे हाच फ्रीड त्या मोसमात 19 सामने जिंकला, ही गोष्ट इथे गौण आहे. यादीत कधी नीट न बसलेला विल वॉरन 33 सामन्यांत स्टार्टर म्हणून उभा राहिला आणि संघाने 94 विजय मिळवले, हीसुद्धा गौणच. चिंता मार्चमध्ये केलेली असते. तिला सप्टेंबरचे आकडे लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

ऐतिहासिक दाखले निवडतानाही हात आखडता ठेवावा. 1948 साली बोस्टन ब्रेव्ह्जच्या चाहत्यांचा भरवसा वॉरन स्पान आणि जॉनी सेन या दोन पिचरांवरच होता, आणि त्यांच्या पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पाऊस पडावा अशी प्रार्थना ते करत, हे खुशाल सांगावे. आपल्याला त्यात आपलेपणा वाटतो. त्या वर्षी ब्रेव्ह्जने नॅशनल लीग जिंकली, हे सांगण्याची गरज नाही. 2024 च्या डॉजर्सचा विषय तर निघूच देऊ नये. निम्मे रोटेशन जायबंदी असताना त्यांनी ऑक्टोबर मुख्यतः तीन स्टार्टरांवर रेटला, काही सामने नुसत्या बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचरांवर, काढले आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका 4-1 अशी जिंकली. ती कोणाकडून जिंकली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातल्या पाचव्या सामन्यात कोपराची काही तक्रार नव्हती. कोलने पहिल्या चार इनिंगमध्ये एकही हिट दिली नव्हती आणि आपण 5-0 असे पुढे होतो. मग जजच्या हातून सोपा झेल सुटला, व्होल्पीची फेक चुकली, कोल स्वतः पहिल्या बेसकडे धावायला विसरला, आणि पाचही धावा फिटल्या. तरी पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या बेसविषयी चिंता करताना मला एकही चाहता भेटला नाही, आणि ते योग्यच झाले. प्रत्येकाने आपापल्या विषयाशी एकनिष्ठ राहावे.

सर्वांत कठीण प्रसंग 2 ऑक्टोबर 2025 च्या रात्री आला. बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध हरले की घरी, अशा सामन्यात चेंडू कॅम श्लिटलर नावाच्या मुलाच्या हातात होता. वय 24, पदार्पण जुलैमधले. मार्चच्या माझ्या वहीत, जिथे सातव्या आणि आठव्या पर्यायांचीही नावे कारणांसह लिहिली होती, तिथे तो कुठेच नव्हता. त्यातून तो बोस्टनजवळच्याच वॉलपोल गावचा. त्याने आठ इनिंगमध्ये 12 फलंदाज स्ट्राइक आउट केले, एकालाही वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, दिला नाही, आणि संघ 4-0 असा जिंकला. शेजारच्या घरातून आरोळ्या ऐकू येत होत्या. अशा वेळी आपण गडबडून जाऊ नये. रडार गनचा आकडा पाहावा, ताशी शंभर मैलांच्या आसपास. टाकलेले चेंडू मोजावेत, शंभराहून अधिक. मग वही काढावी, कोल आणि क्लार्क श्मिट यांच्या खाली एक ओळ कार्लोस रोडॉन या आपल्याच पिचरसाठी मोकळी सोडावी, कारण त्याच्याही कोपराची शस्त्रक्रिया त्याच महिन्यात व्हायची होती, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहावे: श्लिटलर, उजवे कोपर.