रिपोर्ट गेला म्हणजे गेलाच!

महिनाअखेरीला सकाळी फोन येणारच. "थकबाकीचा रिपोर्ट मेलवर आला नाही." उत्तर तोंडावर तयार हवं: "आमच्याकडून गेलाय." गेलाय की नाही हे बघायच्या आधी म्हणा. बघून बोलायला लागलात की आवाजातला दम जातो.

मग खापर फोडायला डोकं शोधा. ते समोरच आहे. रिपोर्ट ज्यावर तयार होतो ते एएस/४०० (कंपन्यांच्या कामकाजाचा संगणक) आयबीएमने बाजारात आणलं १९८८ साली. एवढी तारीख पुरते. तुमच्या कपाटातलं मशीन तेव्हाचं नाही, त्यात पॉवर प्रोसेसर आहे, सिस्टिमचं नाव आता 'आयबीएम आय' आहे, हा इतिहास कोणापुढे उगाळू नका. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं दाखवा आणि सुस्कारा सोडा. "जुनी सिस्टिम आहे हो" या एका वाक्यावर लोक निवृत्तीपर्यंत पोचलेत.

आता धोक्याची जागा. रिपोर्ट मेलवर जाण्याआधी स्पूल फाइल (छपाईसाठी ठेवलेली प्रत) होऊन आउटक्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, पडतो आणि तिथे त्याचं स्टेटस स्वच्छ लिहिलेलं असतं. 'एचएलडी' म्हणजे कोणीतरी होल्ड करून ठेवलंय. 'एमएसजीडब्ल्यू' दिसलं तर मात्र ताबडतोब एफ१२ दाबून बाहेर पडा. कारण ते मेसेज वेट आहे: यंत्राने काहीतरी विचारलंय आणि ते उत्तरासाठी खोळंबलंय. पुष्कळदा प्रश्न फॉर्म टाइपचा, म्हणजे कुठल्या कागदावर छापायचं याचा, असतो. कोणीतरी इन्व्हॉइसला वेगळा फॉर्म टाइप दिला, रायटर (रांगेतले रिपोर्ट पुढे काढणारा प्रोग्रॅम) अडून बसला: तो कागद लावा म्हणतोय. कागद कसला, सगळं पीडीएफ होऊन मेलने जातं. पण विचारायची सवय सुटत नाही त्याची. उत्तरात 'जी' टाकून एंटर मारला की गाडी सुटते. हा प्रश्न क्यूसिसऑपर या ऑपरेटरच्या निरोपांच्या रांगेत रात्रीपासून पडलेला असतो, पण तुम्ही तिकडे फिरकू नका. पाच मिनिटांत काम झालं तर तुमची गरज काय, असं उद्या साहेबच विचारतील.

स्पूल सुटली, मेल तयार झाला, तरी पोचला नाही? मग पराक्रमाची वेळ आली. मेल पाठवणारा एसएमटीपी सर्व्हर बंद करा, चालू करा. मशीनमधले मेल हाताळणारं मेल सर्व्हर फ्रेमवर्कही बंद करा, आणि पुन्हा चालू करताना मेसेज ऑप्शनमध्ये 'क्लिअर' द्या. फ्रेमवर्कमध्ये अडकलेले सगळे मेल एका एंटरमध्ये स्वाहा. अडकलेलं काही उरलंच नाही, तर तक्रार कशाची? अडकलेले मेल तसेच पुढे नेणारा 'रिझ्यूम' नावाचा पर्याय आहे, तो भित्र्यांसाठी. (एसएमटीपीच्या सेटिंगमध्ये जर्नल, म्हणजे नोंदवही, चालू करायची सोयही आहे. केलं तर मेल कुठपर्यंत पोचला, याच्या नोंदी क्यूझेडएमएफ जर्नलमध्ये उतरतात. आपल्याच हाताने पुरावा कोण तयार करतं? 'नो'च राहू द्या.)

समोरचा सर्व्हर नाही म्हणतो तेव्हा आकड्यात म्हणतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, नंतर या. ५ ने सुरू होणारा म्हणजे असाच मेल घेऊन पुन्हा दारात येऊ नका. तुम्ही भेदभाव करू नका. दोघांनाही सारख्याच जोमाने पुन्हा पुन्हा पाठवा, म्हणजे आज ना उद्या तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) काळ्या यादीत जाईल आणि दोष अधिकृतपणे नेटवर्कवाल्यांचा होईल. त्यांनी मागच्या महिन्यात इंटरनेटची लाइन बदलली, नवा आयपी आला, आणि डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो, याची यादी) जुनाच राहिला, असं असू शकतं. विचारायचंच असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर विचारा.

मेलची अटॅचमेंट मोठी असेल तर गणित करू नका. मेलमधून जाताना फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते, या बेस६४ मध्ये ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून ९ एमबीची पीडीएफ १० एमबीच्या मर्यादेत बसत नाही. "अहो, मर्यादा दहाची आणि फाइल नऊची!" असं आवाज चढवून सांगा. हिशेब तपासणार कोण?

कधी कधी घात होतो आणि रिपोर्ट पोचतो. टेक्स्ट फाइल असेल तर उघडल्यावर आत अक्षरांचा चिवडा निघतो. अक्षरं साठवायची पद्धत मशीनच्या पोटात ईबीसीडिक, बाहेरच्या जगात आस्की, आणि मधल्या कोणीतरी सीसीएसआयडी (पद्धत कुठली ते सांगणारा क्रमांक) चुकवलेला. निर्विकार चेहऱ्याने सांगा: "सुरक्षेसाठी एन्क्रिप्ट केलंय." पुढच्या ऑडिटमध्ये यावर कौतुकाची ओळ येण्याचीही शक्यता आहे.

एवढं करूनही दुपारी कोणी आगाऊ पोरगं क्यूसिसऑपर उघडेल, 'जी' दाबेल आणि सगळं सुटेल. सकाळपासून तुम्ही "पुन्हा पाठवतो" म्हणत जितक्यांदा जॉब टाकलात, तितक्या प्रती साहेबांच्या इनबॉक्समध्ये एका दमात पडतील. साहेबांचा फोन येईल. डगमगू नका. ते रागावलेले नसतील, त्यांना एवढंच विचारायचं असेल: "हे पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये मिळेल का?"