मिनिटाला सहा शिट्ट्या

इंग्लंडमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्काफेल पाइक, ९७८ मीटर. आपला सिंहगड १३१२. ही वजाबाकी बाबांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तोंडी करून दाखवली, तीही मी ‘फेल रेस’ला, म्हणजे डोंगरावर पळण्याच्या शर्यतीला, नाव दिलंय हे सांगितल्या-सांगितल्या. (नावावरचे विनोद त्यांनी करून संपवलेत, तुम्ही तसदी घेऊ नका.) बाबा दर रविवारी आतकरवाडीहून गड चढतात. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, पायथ्यापर्यंत मात्र स्कूटरवर जातात. डोंगराची प्रतवारी ठरते ती वर खायला काय मिळतं यावर. “वर पिठलं-भाकरी?” नाही. “निदान मडक्यातलं दही?” नाही. “मग चढायचं कशाला?”

नोकरीपायी मी लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधल्या डोंगराळ भागाच्या उंबरठ्यावर, केंडलला येऊन पडलो. इथल्या डोंगरांना फेल म्हणतात आणि लोक त्यांच्यावर पळतात. खूळ जुनं आहे. ग्रासमेअरला दर उन्हाळ्यात जत्रा भरते. ते तिला ‘स्पोर्ट्स’ म्हणतात, पण तंबू, कुत्र्यांच्या शर्यती, कुस्त्या असं सगळं असताना मी तिला जत्राच म्हणणार. तिथे एकोणिसाव्या शतकापासून समोरचा डोंगर चढून धावत खाली येण्याची शर्यत लागते. पैलवान पांढऱ्याशुभ्र लांब विजारीवर वेलबुट्टीची मखमली चड्डी चढवून उतरतात. ते पाहिल्यावर मला पळणंच त्यातल्या त्यात अब्रूचं वाटलं.

मी नाव दिलं ती शर्यत एका खेड्यातली. फॉर्मवर तिच्यापुढे ‘ए एस’ लिहिलेलं. एस म्हणजे अंतर दहा किलोमीटरच्या आत. बायकोने तेवढंच वाचलं आणि “एवढंच?” म्हणाली. ए म्हणजे दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ. शिवाय आखलेला रस्ता नसतो. नेमलेले टप्पे गाठायचे, मधली वाट ज्याची त्याने काढायची. ती नेच्यातून काढली तर गोचिडी, सपाटीवरून काढली तर दलदल. इथली दलदल वरून हिरवळीसारखी दिसते. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो, आणि बूट आत ठेवून परत येतो.

तयारीसाठी मी गावच्या क्लबात जाऊ लागलो. तिथे माझ्या नशिबी सत्तरीच्या आजी आल्या. बारीक चणीच्या, सुपारीसारख्या कडक. मला ‘लव्ह’ म्हणतात. इकडे दुकानदार, ड्रायव्हर, सगळेच म्हणतात, पण बायकोला हे पटवायला वेळ लागला. आजींचा पहिला धडा: चढावर पळायचं नाही. गुडघ्यांवर तळवे दाबायचे, कमरेत वाकायचं आणि चालत सुटायचं. माझ्या आयुष्यात इतकी मानवणारी शिकवण कुणी दिली नव्हती. दुसरा धडा उताराचा. “ब्रेक सोड, डोकं बंद कर,” म्हणून आजी ओल्या गवतावरून खाली पसार झाल्या. घसाऱ्यावर बसून उतरायचं हे सह्याद्रीतल्या ट्रेकमध्ये मुरलेलं तंत्र. ते मी तिथेही वापरलं. एका मेंढीने चघळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

आजींपुढे कुरकुर करायची सोय नाही. पोटरी दुखते म्हटलं की १९३२ निघतं: केझिकचा बॉब ग्रॅहम, धंदा लॉज चालवण्याचा, २४ तासांच्या आत ४२ शिखरं. गुडघा म्हटला की १९७५: वॉसडेलचा मेंढपाळ जॉस नेलर, तेवढ्याच वेळात ७२. पाठ दुखते हे मी बोललोच नाही. नेलरच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, हे मला ठाऊक होतं.

पण खरा छळ सामानाचा. ऊन असो की पाऊस, आयोजक म्हणतील ते पाठीवर हवंच: टोपीवालं जलरोधक जाकीट, तशीच विजार, लोकरी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीनडीला खाणं. क्लबातल्या तपासणीत एका आजोबांनी माझं जाकीट उलटं करून शिवणीवरून नख फिरवलं. आतून पट्टी चिकटवलेली नसली तर जाकीट बाद. मंगळसूत्राची घडण सराफ पाहतो त्याहून बारकाईने पाहिलं आणि बाजूला टाकलं. नव्या जाकिटाची किंमत मी घरी पौंडात सांगितली. बायकोने ती रुपयांत करून परत मला सांगितली.

शिट्टीचीही रीत आहे. संकटात मिनिटाला सहा, मग मिनिटभर गप्प, मग पुन्हा सहा. मी हॉलमध्ये सराव केला तर तिसऱ्या शिट्टीला बायकोने सवयीने जाऊन गॅस बंद केला.

राहिलं खाणं. आईने येणाऱ्याबरोबर डिंकाचे लाडू धाडले होते. त्यातला एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी पिशवीत टाकला. तेव्हा आजींनी फोनवर बजावलं: ते अडचणीसाठी आहे, सहज भूक लागली म्हणून खायचं नाही. कधी कधी शेवटच्या रेषेवर पिशवी उघडून पाहतात. लाडू शाबूत दिसला पाहिजे.

मी हे घरात सांगितलं. म्हणजे लाडू डोंगरावर न्यायचा, भिजवायचा नाही, खायचा नाही आणि जसाच्या तसा खाली आणून दाखवायचा.

बायको डबा बंद करत म्हणाली, “मग दगड ने ना. लाडू मी खाते.”